झाडावरचं झाड

पहिलं झाड मी पाणी घालघालून मारलं.

ऑकलंडच्या पश्चिमेला, वायटाकेरेच्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात गवत, कपडे वाळत घालायचा फिरता खांब आणि कुंपणाशी एक रोडावलेलं लिंबू एवढंच होतं. मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे घराची ओळख करून देताना आधी माड-पोफळी सांगतात, मग माणसं. त्यामुळे ते रिकामं अंगण रोज सकाळी मला डाचायचं. बी-बियाणं, रोपं घेऊन या देशात पाऊल टाकता येत नाही, विमानतळावर सगळं उघडून दाखवावं लागतं. म्हणजे जे काही लावायचं ते इथल्याच बाजारातून आणायचं.

शनिवारच्या बाजारात एका बाईंकडे ते दिसलं. गुडघ्याएवढं झुडूप, चकचकीत जाड पानं, आणि शेंड्याला सात-आठ कर्णे एकत्र लटकलेले. रंग पिकल्या हापूसच्या सालीसारखा, आणि पाकळी अशी की मेणाची केली असावी. पाटीवर लिहिलं होतं, ‘ट्रॉपिकल ऱ्होडोडेंड्रॉन – व्हिरेया’. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे हिमालयातला बुरांश, हे ट्रेकिंगवाल्या भावामुळे ठाऊक होतं. आपल्या दक्षिणेतला त्याचा भाऊबंद एकदा उटीला सहलीत पाहिलाही होता. पण मी वाचला तो ‘ट्रॉपिकल’ हा शब्द. वर्षातले सहा महिने स्वेटर घालून फिरणाऱ्या मला वाटलं, हे आपल्याकडचं झाड, बिचारं आपल्यासारखंच इथे येऊन पडलंय.

मग जे आयुष्यभर पाहिलं होतं ते केलं. दोन फूट खोल खड्डा घेतला, तळाशी मेंढीच्या लेंड्यांचं खत घातलं (इथे ते गोळ्या करून पोत्यात मिळतं), रोप लावून माती नीट दाबली, आळं केलं, आणि रोज संध्याकाळी पाइप घेऊन उभी राहिले. इथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. आमच्या अंगणातली माती पिवळी, चिकट, अशी की तिचा गणपती सहज झाला असता. वरून तडे जायचे, आत मात्र पाणी साठलेलं. ते मला कळायला झाड मरावं लागलं.

तीन आठवड्यांत पानं मलूल झाली. मी पाणी वाढवलं. पानं आणखी लोंबली. मी सकाळचंही पाणी सुरू केलं. शेवटी बाबांना फोन केला. बाबांनी एक वाक्य ऐकलं आणि म्हणाले, “पाणी जास्त झाला असतला गो. उपट आणि मुळां बघ.”

“उपटू? जिवंत आहे अजून.”

“नाय हा.”

उपटलं. उपटायला जोरही लागला नाही. मुळं तपकिरी झाली होती, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून यायची, आत केसासारखा धागा उरायचा. बाबांनी फोनवरून विचारलं, वास येतो का. येत होता. ते म्हणाले, “आमच्या कोळ्याचो भाऊ हो.”

बाबांचं आयुष्य सुपारीच्या बागेत गेलं. पावसाळ्यात पोफळीच्या घोसांवर कोळेरोग येतो, कच्ची सुपारी कुजून खाली पडते, आणि बागायतदार मृगाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारून घेण्यासाठी माणसं शोधत फिरतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. मिश्रण नीट झालं का ते पाहायला बाबा त्यात लोखंडी सुरी बुडवायचे. सुरीवर तांबूस थर आला की चुना कमी पडला. लहानपणी ती सुरी धरायचा मान माझा. तर त्या कोळ्याचं मूळ जे, फायटोफ्थोरा, त्याच कुळातला दुसरा कुणी माझ्या ऑकलंडच्या अंगणात व्हिरेयाची मुळं खात होता. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. साचलेलं पाणी म्हणजे त्यांना होडीच. आणि माझ्या घराच्या मागे दिसणाऱ्या डोंगरात, शेकडो वर्षांच्या कौरी वृक्षांना मारणारा रोगही याच कुळातला. त्यापायी २०१८ मध्ये वायटाकेरेच्या जंगलातल्या बहुतेक पायवाटा बंद झाल्या, आणि ज्या उघड्या आहेत तिथे आत शिरताना बुटांचे तळवे ब्रशने घासून, औषधात बुडवून जावं लागतं. सावंतवाडीच्या पोफळीपासून कौरीपर्यंत एकच घराणं. नातेवाईक कुठे भेटतील सांगता येत नाही.

दुसरं झाड कुंडीत लावलं. शहाणपण आलं होतं, पण अर्धवट. रोप लहान आणि कुंडी मोठी, कारण ‘वाढायला जागा हवी’. पाणी मोजून घालत होते. पण हात स्वस्थ बसेना. आमच्याकडे चुलीतली राख कधी वाया जात नाही, ती भाजीच्या आळ्यात जाते. इथे चूल नाही, पण हिवाळ्यात शेगडीत लाकडं जाळतो. ती राख घातली. अंड्याची टरफलं कुस्करून घातली. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, जणू कुणी हिरव्या शाईने रेघा ओढल्यात. त्यातच एक दिवस पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले. खवले कीड, दुसरं काय! मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून एकेक पान पाठपोट घासून काढलं. ठिपके जाईनात. चार दिवस हा कार्यक्रम चालला.

पाचव्या दिवशी कुंपणापलीकडून हाक आली. पलीकडे राहणाऱ्या बाई तेव्हा ऐंशीच्या जवळ होत्या. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना तोंडावर नावाने हाक मारायचे, मनातल्या मनात मात्र आजीच म्हणायचे. त्यांनी विचारलं, तू त्या झाडाला अंघोळ का घालतेस? मी ठिपके दाखवले. त्या इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं. ते ठिपके कीड नव्हते. व्हिरेयाच्या पानांवर जन्मतःच बारीक खवले असतात, ती त्याची कातडीच. मी चार दिवस निरोगी झाडाची कातडी घासत होते.

मग त्यांनी मला आपल्या अंगणात नेलं. मागच्या बाजूला सावलीची जाळी लावलेली एक खोपटी होती, आत तीसेक व्हिरेया. काही कुंडीत, काही लाकडाच्या ओंडक्यावर, एक तर जुन्या बुटात. आणि त्यांनी जे पहिलं सांगितलं त्यावर माझी सगळी बागायत उलटीपालटी झाली. म्हणाल्या, हे जमिनीवरचं झाड नाही. हे झाडावरचं झाड आहे.

तरुणपणी, साठच्या दशकात, त्या पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात परिचारिका होत्या. व्हिरेयाच्या सुमारे तीनशे जातींपैकी निम्म्याहून जास्त त्या एका बेटावरच्या. बाकीच्या बोर्निओ, सुमात्रा, जावा, फिलिपिन्स इकडच्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोकाला दोन. विषुववृत्ताजवळ खरं, पण दीड-दोन हजार मीटर उंचीवर. आजी सांगत, सकाळी दवाखान्यात जाताना स्वेटर लागायचा, दुपारी काढायचा, संध्याकाळी पुन्हा घालायचा. वर्षभर हेच. दाट धुकं, रोजची भुरभुर, आणि झाडांच्या फांद्यांवर शेवाळाच्या गाद्या. त्या गाद्यांत मुळं पसरून व्हिरेया बसलेली. जंगलातली पुष्कळशी अशी. काही मात्र नव्याने खणलेल्या रस्त्याच्या कडेला, दरड कोसळलेल्या उघड्या उतारावर, ज्यावर पाणी थांबूच शकत नाही. मी ‘ट्रॉपिकल’ वाचून गरम दमट कोकण डोळ्यांपुढे आणलं होतं. खरं तर आंबोलीची आठवण यायला हवी होती. घाट चढून आंबोलीत गेलं की पावसाळ्यात चार पावलांवरचं दिसत नाही, आणि त्या धुक्यात उंबराच्या, जांभळीच्या फांद्यांवर आमऱ्या लटकलेल्या असतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण त्यांची मुळं कुजत नाहीत, कारण पाणी येतं आणि जातं. सीतेच्या वेणीसारख्या आमरीला कुणी आळं करतं का?

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे बांडगूळच की!” बांडगूळ नाही, ते ज्याच्यावर बसतं त्याचं रक्त पितं. हे फक्त बसतं. तिला फरक फारसा पटला नाही. “फुकट बसणाराही काही कमी नसतो,” म्हणाली.

‘ट्रॉपिकल’ म्हणजे गरम, ही चूक माझ्या एकटीची नव्हती, हे पुढे वाचताना कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. १८४०च्या दशकात थॉमस लॉब नावाचा माणूस इंग्लंडमधल्या व्हाइच नर्सरीसाठी आग्नेय आशियात फिरत होता. त्याने पाठवलेल्या रोपांवरून त्या नर्सरीने पुढच्या पन्नासेक वर्षांत व्हिरेयाचे शेकडो संकर केले. नारिंगी फुलाची जावाची जात आणि जाईसारख्या लांब नळीच्या पांढऱ्या सुवासिक फुलांची जात या त्यातल्या मूळ जोडीदार. विषुववृत्तावरची झाडं म्हणून त्यांना कोळशावर तापवलेल्या काचघरांत ठेवायचे. पहिल्या महायुद्धानंतर कोळसा आणि माळी दोन्ही महाग झाले, काचघरं विझली, आणि त्या संकरांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आज उरलेत. डोंगरावरच्या थंडीत वाढलेलं झाड त्यांनीही ‘गरम देशातलं’ म्हणून उबवलं. मी निदान एकच मारलं.

राखेचा हिशेब आजींनी अर्ध्या मिनिटात केला. व्हिरेया हे हीथ कुळातलं, ब्लूबेरीचं चुलत भावंड. या सगळ्या कुळाला आंबट माती लागते. राख, चुना, टरफलं यांनी आंबटपणा जातो, आणि मग मातीत लोह असलं तरी झाडाला ते घेता येत नाही. म्हणून पानं पिवळी, शिरा हिरव्या. त्यांनी माझी कुंडी उपडी केली, मुळांवरची माती बादलीतल्या पावसाच्या पाण्यात हलक्या हाताने धुतली, आणि झाड त्या कुंडीच्या निम्म्या आकाराच्या कुंडीत बसवलं. पायात घट्ट बसणाऱ्या चपलेसारखी कुंडी हवी, हा त्यांचा नियम. मोठ्या कुंडीत मुळांपलीकडची ओल कोण पिणार? ती तशीच राहते आणि सडवते. मातीऐवजी पाइनच्या सालीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि प्यूमिस, निम्मं-निम्मं. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीचा फेसाळ, पाण्यावर तरंगणारा दगड. तो इथे पोत्याने मिळतो, कारण या बेटाच्या मध्यभागी तो थरच्या थर पडलाय. बुंधा खोल पुरायचा नाही, मुळांचा गड्डा पृष्ठभागाशी सपाट. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग. पाणी वरून घालावं आणि लगेच खालून गळावं. गळलं नाही तर झाडाकडे नाही, कुंडीच्या भोकाकडे बघायचं.

मी विचारलं, आणि रोज काय करायचं? म्हणाल्या, रोज ये, बघ, आणि परत जा.

हे जमायला मला वर्ष लागलं. कोकणातल्या माणसाला झाडाजवळ रिकाम्या हाताने उभं राहता येत नाही.

तरी एक गोष्ट मला आधीपासून येत होती, ती शेंडे खुडणं. व्हिरेया स्वतःच्या मनाने उंच, सडपातळ, विरळ वाढतं. टोकाला पानांचं चक्र, मग वीतभर उघडी काठी, मग पुन्हा चक्र. आमच्याकडे शेवंतीचे शेंडे खुडतात तसे कोवळे असताना खुडले की फांद्या फुटतात आणि झुडूप भरतं. आजी त्याहून कठोर होत्या. एक जुनं झाड त्यांनी माझ्यासमोर कात्रीने गुडघ्यापर्यंत आणलं. एक पान शिल्लक ठेवलं नाही. मी “अहो!” असं मराठीतच ओरडले. सहा आठवड्यांनी त्या उघड्या काठीवर, जुन्या पानांच्या खुणांपाशी, तांबूस कोंब उभे राहिले.

छाटलेल्या फांद्या त्यांनी मला दिल्या आणि छाट कलम करायला शिकवलं. पेन्सिलीहून थोडी बारीक, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी काडी. दोनच पानं ठेवायची, तीही अर्धी कापून. तळाशी दोन्ही बाजूंनी नखभर साल तासायची, मुळं फुटायची पूड लावायची, ओलसर पीट आणि प्यूमिसमध्ये खोचायची आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. मी दहा लावल्या. दर आठवड्याला ओढून पाहायची सवय लागली, त्यात दोन गेल्या. उरलेल्या आठांपैकी पाचांना तीन महिन्यांनी मुळं आली, केसासारखी पांढरी बारीक. या मुळांना पाहिल्यावर त्यांना चिकणमाती का सोसत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिलं फूल जूनमध्ये आलं. म्हणजे इथल्या हिवाळ्यात, बाहेर सहा अंश असताना. व्हिरेयाला ऋतू नाही. जिथून ते आलं तिथे बाराही महिने सारखेच, त्यामुळे कधी फुलायचं याचं बंधन त्याने घेतलेलं नाही. कळी तयार होऊन महिनोन् महिने तशीच बसते, आपण आशा सोडली की उघडते. ही कळी मार्चपासून बसून होती. उघडली ती पांढरी, कडेला गुलाबी झाक, तळहाताएवढी. संध्याकाळी दार उघडलं तर अंगणात लवंगेचा वास. मला वाटलं शेजारी कुणी मसाल्याचं दूध करतंय. ऑकलंडमध्ये! नारिंगी, लाल, पिवळी फुलं बहुतेक वासाची नसतात, ती पक्ष्यांसाठी. पांढरी लांब नळीची, रात्रीच्या पतंगांसाठी, ती घमघमतात.

पक्षी इथेही येतात. पानाएवढे हिरवट, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेले, दहा-पंधराच्या टोळीने. मी पाहताक्षणी म्हटलं, हा तर आपला चष्मेवाला! त्याच प्रजातीसमूहातला हा सिल्व्हरआय. १८५६ मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून समुद्र ओलांडून आपण होऊन थव्यांनी इथे आला, आणि माओरी लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘ताउहोउ’, म्हणजे परका, नवखा. त्याला विमानतळावर कुणी काही उघडून दाखवायला सांगितलं नाही.

एका वर्षी गणपतीला जास्वंद मिळेना. भाद्रपद म्हणजे इथला नुकता उघडणारा वसंत, अंगणातली जास्वंद तेव्हा काड्या झालेली असते. लाल व्हिरेयाचा गुच्छ ठेवला. आईने व्हिडिओवर पाहून विचारलं, “हे चालतं?” बाबा मागून म्हणाले, “गणपतीक इचार.” फुलं आठ दिवस ताजी राहिली, गणपती दीड दिवसांचा होता.

थंडीने एकदा मार दिला. आमची गल्ली सखल, जुलैत एखाद-दुसऱ्या रात्री दव गोठतं. सकाळी दोन झाडांचे शेंडे काळे, उकडलेल्या पालकासारखे. तेव्हापासून आकाश निरभ्र आणि वारा पडलेला अशी संध्याकाळ दिसली की मी जुन्या सुती साड्या घेऊन बाहेर जाते. चार काठ्या रोवून वरून साडी. प्लॅस्टिक नको, ते जिथे पानाला टेकतं तिथेच पान जळतं.

२०२० साली पाऊस कमी झाला आणि मे महिन्यापासून ऑकलंडमध्ये पाइपने बागेला पाणी घालायला बंदी आली. मी झारीने, छपराखालच्या पिंपातलं पावसाचं पाणी कुंडीमागे मोजून घालत होते. त्या वर्षी व्हिरेया जशी फुलली तशी आधी कधी फुलली नव्हती. पाणीटंचाईचं एवढं कौतुक करणारी मी गल्लीत एकटीच असेन.

पुढच्या वर्षी आजी रिटायरमेंट व्हिलेजमध्ये राहायला गेल्या. तिथे एक बाल्कनी, चार कुंड्यांना परवानगी. खोपटीतली बाकीची झाडं कुंपणावरून एकेक करून माझ्याकडे आली. त्या प्रत्येकीचा जन्म सांगत होत्या, ही कुणाकडून, ती कोणत्या साली, आणि मी वहीत लिहून घेत होते. शेवटी त्यांनी पोंगाचे दोन ओंडके दिले. पोंगा म्हणजे इथला झाडासारखा उंच नेचा. त्याचं खोड आतून सच्छिद्र, बाहेरून मुळांच्या जाळ्याने वेढलेलं, नारळाच्या सोडणासारखं. त्यात खाच करून व्हिरेया बसवली की ती पुन्हा झाडावरचं झाड होते.

२७ जानेवारी २०२३ला ऑकलंडवर जो पाऊस पडला त्याने निम्मं शहर पाण्यात गेलं. विमानतळावर एका दिवसात २४५ मिलिमीटर. मी ऑफिसातून घरी पोचू शकले नाही. रात्रभर मैत्रिणीकडे बसून बातम्या पाहत होते. खरं सांगायचं तर तो आकडा ऐकून मनात म्हटलं, एवढा तर आंबोलीला जुलैत पडतो. पण आंबोलीचा डोंगर पाणी खाली सोडतो. आमची चिकणमाती ते धरून बसली. दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात घोटाभर पाणी होतं, आणि खालच्या बाजूच्या कुंड्या त्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्या कुंड्या वर उचलल्या, खालच्या कडा विटांवर तिरप्या ठेवल्या. तरी महिन्याभरात दोन गेल्या. तीच मलूल पानं, तोच वास. या वेळी पाणी घालायला मी धावले नाही, एवढीच सुधारणा. पोंग्यावरच्या दोघींना काही झालं नाही. पाणी त्यांच्या बुंध्याला टेकलंच नव्हतं.

आजींना फोन करून गेलेल्यांची नावं सांगितली. एक माझ्या वहीत १९८७ सालची होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, काड्या घेतल्या होत्यास ना? घेतल्या होत्या, पाच. तीन जगल्यात. त्यातली एक यंदा त्यांच्या बाल्कनीत जाणार, पाचवी कुंडी म्हणून, व्यवस्थापकांच्या नजरेआड.

आणि तो पहिला खड्डा, जिथे दोन फूट खणून, खत घालून, आळं करून मी पहिलं झाड बुडवलं, तो तसाच आहे. पाणी अजूनही तिथेच साचतं. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या दुकानातून अळूचे कंद आणून मी त्यात लावले. पानं सुपाएवढी झालीत. गेल्या रविवारी फदफदं केलं, चिंच जरा जास्तच घालावी लागली.